पाहुणा तारा आला त्या वर्षी

बंदरात कुणालाही विचारा, च्वांगच्या खानावळीतली म्हातारी कशी आहे. सांगतील, जेवण चांगलं, तोंड वाईट. दोन्ही खरं आहे. नवरा गेल्यापासून तेवीस वर्षं ही खानावळ मी एकटीनं चालवली. माझ्या ओसरीवर दहा ठिकाणचे खलाशी झोपतात, आणि गोड गोड बोलून खलाशी ताब्यात राहत नाहीत. त्यामुळे कुणाचे आभार मानायचे म्हटलं की माझी जीभ अडते. सवयच नाही हो! पण गेल्या वर्षाबद्दल बोलायचं तर आभारच मानावे लागतात, आणि ज्या बाईचे मानायचे तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

गेलं वर्ष बैलाचं. सरकारी पंचांगात त्याला चुन्शी शकाचं आठवं वर्ष म्हणतात. राजधानीतले कारकून त्या वर्षाबद्दल काय लिहायचं ते लिहोत. मला अक्षर ओळखता येत नाही, पण जगात कुठं काय झालं ते माझ्याकडं त्यांच्या आधी येतं. छ्वानचौच्या धक्क्याला गलबत लागलं की माणूस आधी जकातीच्या चौकीवर जातो आणि तिथून थेट माझ्याकडं, पेज प्यायला. पोटात गरम पेज गेली की बातमी आपोआप बाहेर पडते, मला विचारावंही लागत नाही.

त्या उन्हाळ्यात बातम्यांना नुसता ऊत आला होता. कोल्लमचा मिरीवाला व्यापारी आला, म्हणाला, बगदादचा खलिफा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. दक्षिणेकडच्या चंपाच्या राज्यातून आलेले खलाशी म्हणाले, चार वर्षांपूर्वी आम्ही शेजारच्या चेनला राज्याची राजधानी लुटली होती ना, तिथं आता एक नवा राजा उभा राहिलाय, आमच्या लोकांना हाकलून त्यानं मुकुट घातला. हे सांगताना त्यांची तोंडं एवढीशी झाली होती.

"घातला तर घातला," मी म्हटलं. "त्याच्या मुकुटानं माझी चूल पेटणार आहे का? भात वाढू अजून?"

मला एकच बातमी हवी होती आणि ती कुणी आणत नव्हतं. माझा एकुलता एक मुलगा, आतिंग, आधल्या वर्षी अकराव्या महिन्यात उत्तरेच्या वाऱ्यावर चंपाला गेला होता. पाचव्या महिन्यात दक्षिणेचा वारा धरून परत यायचा. पाचवा गेला, सहावा निम्मा गेला. घरात मी आणि माझी सून सूवान. ती पलीकडच्या खाडीवरच्या कालवं काढणाऱ्यांची पोर. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत ती माझ्याशी 'हो आई' आणि 'बरं आई' याच्या पुढं काही बोलली नव्हती. मला वाटायचं, मुलानं मुकी बायको आणलीय.

मग श्यू तांडेल आला. माझ्या नवऱ्याचा जुना सोबती, मला वहिनी म्हणतो. त्याचं गलबत आणि आतिंगचं गलबत चंपाहून जोडीनं निघालं होतं. मी त्याच्यापुढं वाफवलेला मासा ठेवला. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, त्या दिवशी एक शब्द नाही.

"काय भाऊजी, काटा अडकला का घशात?"

"वहिनी," तो ताटाकडं बघत म्हणाला, "घर दोन दिवसांवर राहिलं होतं, तेव्हा तुफान लागलं. रात्रभर त्यांचा कंदील दिसत होता. सकाळी काही दिसलं नाही."

"कुठल्या बाजूला गेले?"

"वारा नेईल तिकडं. ईशान्येला."

माशाची एक बाजू त्याची खाऊन झाली होती. मला काही सुचेना, वाढायचं एवढंच हाताला ठाऊक. मी जेवायच्या काड्या घेतल्या आणि त्याच्या ताटातला मासा उलटा केला.

ओसरीवर जेवायला बसलेले नऊच्या नऊ खलाशी उठून उभे राहिले. आमच्याकडं खलाशाच्या ताटातला मासा उलटा करत नाहीत. वरची बाजू संपली की मधला काटा उचलून काढायचा आणि खालची बाजू तशीच खायची. मासा उलटला की गलबत उलटतं, हे रांगत्या पोरालाही माहीत असतं. आणि मी, तांडेलाची लेक, खलाशाची बायको, खलाशाची आई, मी तो उलटा केला होता. श्यू तांडेल तीनदा थुंकला, पटकन मासा सरळ केला आणि म्हणाला, "असू द्या वहिनी, मी काही पाहिलं नाही." पण सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा बसला. आतिंग कुठं तरंगत असलाच, तर मी माझ्या हातानं त्याला बुडवला.

सहावा महिना संपता संपता तो तारा आला. दिवेलागणीला गल्लीतले सगळे उत्तरेकडं माना वर करून उभे होते, मीही गेले. कालपर्यंत जिथं काही नव्हतं तिथं एक टपोरा तारा. धक्क्यावरचे जाणते ज्योतिषी म्हणत होते, की हा पाहुणा तारा आहे आणि आभाळातल्या धर्मशाळेच्या नक्षत्रात उतरला आहे. श्यू तांडेलाला माझा चेहरा बघवत नव्हता, म्हणून त्यानं थट्टा केली.

"घ्या वहिनी, आणखी एक गिऱ्हाईक. तुमच्याच धंद्यात उतरलाय."

"त्याला म्हणावं, पाय धुऊन वर ये," मी म्हटलं, आणि तिथंच रडू फुटलं मला. लोक म्हणत होते, परदेशी राजांचे वकील येणार, कुणी म्हणत होतं लढाई होणार. मला वाटलं, कुणाचा तरी जीव वर गेलाय आणि तो कुणाचा ते मला ठाऊक आहे.

त्यात सातवा महिना तोंडावर. त्या महिन्यात मेलेल्यांची दारं उघडतात आणि सगळे जेवायला घरी येतात. ज्याच्या नावाची पाटी घरात आहे तो आपल्या पाटावर बसून जेवतो. ज्याची पाटी नाही तो दारोदार उपाशी हिंडतो. आणि समुद्रात गेलेल्याची पाटी करायची तर आधी त्याचा आत्मा बोलवावा लागतो. त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचं, उत्तरेकडं तोंड करायचं आणि नाव घेऊन तीन हाका मारायच्या. तिसरी हाक गेली की तो माणूस मेलेल्यांत जमा. पण माणूस जिवंत असताना हाक मारली, तर आत्मा अंगातून ओढला जातो आणि माणूस असेल तिथं मरतो. म्हणजे बघा, हाक मारावी तर जिवंत मुलाला मारीन, न मारावी तर मेलेल्याला उपाशी ठेवीन. मी पंधरा दिवस अन्नाला शिवले नाही.

शेवटी सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी ल्याव गुरुजींना बोलावलं, आतिंगचा निळा अंगरखा पेटीतून काढला आणि भर सकाळी शिडी लावून छपरावर चढले. खाली गुरुजी घंटा घेऊन, सगळी गल्ली गोळा. मी पहिली हाक मारली. आवाज फाटला. दुसरी मारली.

"आई, खाली या."

खाली सूवान शिडी धरून उभी होती.

"गप बस! माझ्या पोटचा आहे तो!"

"माझा नवरा आहे."

मी चाटच पडले. दोन वर्षांत पहिल्यांदा ही पोर मला उलटून बोलली होती, तेही चारचौघांत.

"दोन झाल्या," ती म्हणाली. "तिसरी मारलीत तर मी ही शिडी घेऊन जाईन. मग बसा वरच. तिथंच चूल मांडा."

"विधी असा अर्धवट सोडता येत नाही!" गुरुजी ओरडले.

"मग तुम्ही चढा गुरुजी आणि पुरा करा."

गुरुजींचं पोट बघता ते शिडीच्या दुसऱ्या पायरीवरही मावले नसते. लोक हसले. आणि सूवाननं खरंच शिडी उचलली, खांद्यावर टाकली आणि मागच्या अंगणात घेऊन गेली.

मी दुपार टळेपर्यंत छपरावर बसले होते. कौलं तापलेली, पाय टेकायची सोय नाही. तिसरी हाक मारायला मला कुणी अडवलं नव्हतं, तोंड तर माझंच होतं. चार वेळा श्वास घेतला. पण मनात आलं, ही एवढीशी पोर एवढी ठाम उभी आहे, म्हणजे हिला काहीतरी कळलं असेल. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, हे तिनं मला पुढं कबूल केलं. मधूनमधून ती खाली येऊन विचारायची, "आई, पाणी हवं?" मी म्हणायची, "नको." ती म्हणायची, "बरं," आणि निघून जायची. शेवटी मी म्हटलं, "आण बाई ती शिडी, भाजले मी."

उतरल्यावर मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. "अगं, पण तो गेला असेल तर उपाशी राहील गं!"

"नाव न घेता वाढू," ती म्हणाली. "ज्यांचं कुणी नाही त्यांची पंगत मांडतात ना पंधराव्या दिवशी रस्त्यावर? तिथं वाढू. गेला असेल तर तो जेवेल. नसेल तर दुसरं कुणी जेवेल."

"माझा मुलगा बेवारशांच्या पंगतीत बसेल?"

"भूक लागली असेल तर बसेल."

आम्ही चाळीस वाडगे मांडले. पंधराव्या दिवशी संध्याकाळी सगळी गल्ली आपापल्या दारापुढं एक-दोन वाडगे मांडते. आमची रांग कोपऱ्यापर्यंत गेली. भात, वाफवलेली कालवं, अळकुड्या. मासा नाही केला, धीरच झाला नाही. मी कुणाचंही नाव घेतलं नाही. नुसतं म्हटलं, "जेवा बाबांनो, कुणीही असा."

मग वाट बघणं. आठवा, नववा, दहावा महिना. तारा रोज दिवे लागले की तिथंच. दहाव्या महिन्यात मिंगचौचे व्यापारी आले. त्यांची जपानशी ये-जा. त्यांनी सांगितलं, तिकडं फार वाईट वर्ष आहे. दोन मोठ्या घराण्यांत लढाई जुंपलीय, त्यातल्या एका घराण्याचा म्हातारा प्रमुख तापानं गेला, तिकडचा जुना मोठा विहार जळाला. आणि पाऊस नाही. लोक रस्त्यावर मरून पडतायत, उचलायला कुणी नाही.

आता खोटं कशाला बोलू? मी तेव्हा काय म्हटलं ते सांगते. मी म्हटलं, "मरेनात का! माझं कोण आहे तिकडं?" दुसऱ्याचंही वाटोळं झालंय हे ऐकून मला जरा बरंसुद्धा वाटलं. सूवान पेज वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, "काय बघतेस? भांडं सांडेल."

अकराव्या महिन्यात, मी अंगणात मासे वाळत घालत होते, तेव्हा दारात एक माणूस उभा राहिला. दाढी वाढलेली, अंगावर गवताचा झगा, गालफडं आत गेलेली. मी म्हटलं, "पेज दुपारी मिळेल, आता चूल थंड आहे."

तो म्हणाला, "आई, मग चूल पेटव."

काय सांगू तुम्हाला! हातातली टोपली कुठं पडली, मला कळलं नाही. मी आधी त्याच्या मुस्काटात मारली, खरोखर मारली, खराच आहे की नाही बघायला. मग सूवान धावत आली आणि ती मुकी पोर अशी काही ओरडली की श्यू तांडेल तीन घरं पलीकडून आला.

जेवण झाल्यावर आतिंगनं सांगितलं. शीड फाटलं, डोलकाठी तोडून टाकली, वीस दिवस वाहत गेले आणि जपानच्या कुठल्याशा बेटावर खडकाला गलबत फुटलं. बाकीच्यांचं काय झालं तेही त्यानं सांगितलं. ते मी इथं सांगणार नाही, त्यांच्या आया याच गल्लीत राहतात.

"मी दोन दिवस एका उपड्या होडीखाली पडून होतो," तो म्हणाला. "उठायचं त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाई आली. हाडांचा सापळा झालेली. वाळूवर एक वाडगा ठेवला, हात जोडले, समुद्राकडं बघून एक नाव घेतलं आणि गेली. सातव्या महिन्याची पौर्णिमा होती, आई. तिकडंही त्या दिवशी मेलेल्यांना वाढतात. मला कळत होतं की हे कुणाच्या तरी वाटचं आहे. पण मी सरपटत गेलो आणि खाल्लं. वरीचे चार दाणे आणि पाणी. वाडगा चाटतोय तोच ती परत आली."

"ओरडली?" सूवाननं विचारलं.

"नाही. तशीच उभी राहिली. मग तेच नाव घेतलं. तोकुमारू. विचारल्यासारखं घेतलं. मला तिची भाषा येत नव्हती, पण एवढं कळलं की ती विचारतेय, तू तोच का? आणि मी..." आतिंगनं मान खाली घातली. "मी मान डोलावली. भूक लागली होती, आई. मला वाटलं, नाही म्हटलं तर उद्या वाडगा येणार नाही."

मी त्याच्या वाडग्यात आणखी भात वाढला.

"ती मला घरी घेऊन गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. महिनाभर तिनं मला वाढलं. सकाळी उठून खडकावरचं शेवाळ खरवडून आणायची, त्यात वरीचे दाणे घालायची. दाणे माझ्या वाडग्यात, पाणी तिच्या. प्रत्येक वेळी तोकुमारू म्हणून हाक मारायची आणि मी मान डोलवायचो. मला वाटायचं, मी तिला फसवतोय, दुःखानं तिचं डोकं फिरलंय आणि मी त्याचा फायदा घेतोय. पुढं एक कोळी हाकाता बंदराला निघाला होता, तिथं आपल्या लोकांची वस्ती आहे. त्याच्या होडीत बसायच्या दिवशी मी खाणाखुणांनी विचारलं, तुझा तोकुमारू कधी गेला? तिनं बोटानं वाळूत वसंतातली फुलं काढून दाखवली. मग मी विचारलं, केवढा होता?"

आतिंग उठून उभा राहिला आणि त्यानं आपल्या कमरेशी आडवा हात धरला.

"एवढा."

श्यू तांडेलानं तोंड फिरवलं.

"म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं," सूवान म्हणाली.

"न कळायला काय झालं? एवढा दाढीवाला घोडा मी."

मी चुलीपाशी जाऊन बसले. मला ते मिंगचौचे व्यापारी आठवले आणि मी काय बोलले होते तेही आठवलं. मी ते बोलले तेव्हा त्या बाईनं माझ्या मुलाला जगवून वाटेला लावलं होतं. माझं कोण आहे तिकडं, म्हणे! मला इतकी लाज वाटली आणि इतकं भरून आलं की दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. आजवर मी देवाला पुष्कळ उदबत्त्या लावल्या, पण असं कुणाच्या पाया पडावंसं कधी वाटलं नव्हतं. आणि पाया पडायला ती समोर नव्हती.

मी तेव्हाच शपथ घातली, आतिंगनं पुन्हा गलबतावर पाऊल ठेवायचं नाही. त्यानं ऐकलं. पूर्ण हिवाळा खानावळीत राबला, निम्मे वाडगे फोडले. पहिल्या महिन्यात तारा दिसेनासा झाला. तिसऱ्या महिन्यात बातमी आली की जपानात यंदा गेल्या वर्षीपेक्षा वाईट आहे, दुष्काळाच्या मागोमाग साथ आलीय. त्या दिवसापासून आतिंग पेजेच्या हंड्यापुढं उभा राहिला की उभाच राहायचा.

"त्याला काहीतरी विचारायचंय," मी सूवानला म्हटलं.

"तो विचारणार नाही. तुम्हाला घाबरतो."

"आणि तू?"

"मी समुद्राला घाबरते," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण तो किनारा फक्त त्यालाच ठाऊक आहे, आई."

तीन दिवस मी सगळ्यांवर ओरडत होते. चौथ्या दिवशी श्यू तांडेलाकडं गेले. पाचव्या महिन्यात त्याचं गलबत हाकाताला जाणार होतं. मी म्हटलं, "भाऊजी, सहा पोती तांदूळ, दोन मडकी खारवलेली कालवं आणि एक माणूस. जागा आहे?"

"माणूस कोण?" त्यानं विचारलं. ठाऊक होतं त्याला, पण विचारलं.

"माझा मुलगा," मी म्हटलं. हे दोन शब्द बोलायला मला किती कष्ट पडले, ते माझं मला ठाऊक.

काल सकाळी गलबत सुटलं. धक्क्यावर सूवान माझा दंड धरून उभी होती. तिनं मला धरलं होतं की मी तिला, सांगता येत नाही. आतिंग पोती मोजून वर चढला, पुन्हा खाली उतरला, माझ्या पाया पडला.

"तिथं जाऊन बोलशील काय?" मी विचारलं. "तिच्या भाषेत आभार कसे मानतात ते शिकलास का?"

"नाही आई. मला तीनच शब्द येतात. पाणी, जेव, आणि ते नाव."

माझी जीभ नेहमीसारखी अडली. मी त्याच्या अंगरख्याची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"बरं," मी म्हटलं. "आधी तिला भात शिजवून वाढ, मग बाकीचं. आणि तिनं त्या नावानं हाक मारली, तर मान डोलव."